एकाच लेखाची तीन रूपे: कोकूनच्या साइटमॅपमध्ये नियम कसे लावावेत

प्रश्नकर्त्यांची अडचण थोडक्यात अशी आहे. एका त्रैमासिकाचे जुने संकेतस्थळ त्यांच्याकडे देखभालीसाठी आले आहे. ते अपाची कोकून या एक्सएमएलपासून वेबपाने तयार करणाऱ्या जावा-चौकटीच्या २.१ मालिकेवर चालते आणि प्रत्येक लेख स्वतंत्र एक्सएमएल फाइलमध्ये आहे. एकाच लेखाचे नेहमीचे वेबपान, छपाईसाठीचे साधे पान आणि पीडीएफ अशी तीन रूपे त्यांना हवी आहेत. छपाईसाठी त्यांनी साइटमॅपच्या, म्हणजे कोणत्या पत्त्यावर कोणती प्रक्रिया करायची हे सांगणाऱ्या फाइलच्या, शेवटी 'लेख/*.एचटीएमएल?छापील=होय' असा नवा नियम लिहिला, तरी पान नेहमीचेच येते. लेखक-परिचयाची फाइल बदलली, तरी लेखाखालचा परिचय जुनाच राहतो. पीडीएफ तयार होते, पण तिच्यात जोडाक्षरे सुटी पडतात. यासाठी कोणती सेटिंग बदलावी, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या मते येथे एखादी सेटिंग चुकलेली नाही. तीन वेगवेगळे प्रश्न एकाच फाइलमध्ये भेटल्यामुळे ते एकच वाटत आहेत. आलेला पत्ता कोणत्या नियमाने उचलायचा, हा पहिला प्रश्न. तयार झालेले पान कधी जुने मानायचे, हा दुसरा. आणि शेवटच्या टप्प्यावरच्या घटकाला देवनागरी येते का, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर पूर्णपणे साइटमॅपमध्ये आहे, दुसऱ्याचे अर्धे साइटमॅपमध्ये आणि अर्धे स्टाइलशीटमध्ये (एक्सएमएलचे रूपांतर कसे करायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) आहे, आणि तिसऱ्याचे साइटमॅपमध्ये जवळजवळ नाहीच. त्याच क्रमाने लिहितो. टॅगांची आणि गुणधर्मांची नावे मी उच्चारानुसार देवनागरीत देत आहे. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लागतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. जुने पत्ते बदलण्याची मोकळीक तुम्हाला आहे का, लेख प्रसिद्ध झाल्यानंतर त्यात किती वेळा दुरुस्ती होते, आणि सर्व्हरवर नवी जार फाइल (जावाच्या कोडचा गठ्ठा) टाकण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे का, यांवर माझे काही सल्ले बदलतील. त्रैमासिक आहे म्हणजे मजकूर वारंवार बदलत नसणार आणि वाचकांची गर्दी वृत्तपत्राच्या स्थळासारखी नसणार, असे मी गृहीत धरले आहे.

आता पत्त्याचा प्रश्न. कोकूनच्या पहिल्या पिढीत कोणत्या फाइलवर कोणती प्रक्रिया करायची, याची सूचना त्या एक्सएमएल फाइलमध्येच लिहावी लागे. दुसऱ्या पिढीत ती सूचना फाइलमधून काढून साइटमॅपमध्ये आणली गेली, आणि तेव्हापासून कोकूनमध्ये पान म्हणजे फाइल नव्हे, तर पत्ता. 'लेख/१२.एचटीएमएल' हा पत्ता आला म्हणून त्या नावाची फाइल कोठेतरी असावी लागत नाही. साइटमॅप वरून खाली वाचला जातो, प्रत्येक 'मॅच' टॅगचा नमुना आलेल्या पत्त्याशी ताडून पाहिला जातो, आणि ज्या जुळलेल्या नियमात प्रक्रिया पूर्ण होते तेथे वाचन थांबते. त्याखाली कितीही नेमका नियम लिहिलेला असला, तरी त्याची पाळी येत नाही.

तुमचा छपाईचा नियम दोन कारणांनी निष्फळ ठरतो आणि ती दोन्ही स्वतंत्र आहेत. एक तर साधा वाइल्डकार्ड मॅचर (ताऱ्यांच्या नमुन्यांशी पत्ता ताडणारा घटक) पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग पाहतच नाही. त्याच्या हाती फक्त मार्ग येतो, तोही सुरुवातीची तिरपी रेघ आणि वेब-अॅप्लिकेशनचे नाव वगळून. त्यामुळे प्रश्नचिन्ह असलेला नमुना कोणत्याही विनंतीशी जुळणे शक्य नाही. दुसरे असे की तुमच्या नियमाच्या वर 'लेख/*.एचटीएमएल' हा जुना नियम आहे आणि तो ती विनंती आधीच उचलून पूर्ण करतो. म्हणजे नमुना दुरुस्त करूनही नियम शेवटीच ठेवला असता, तर फरक पडला नसता. आणि नियम नुसता वर नेला असता, तरीही पडला नसता. दोन कारणे एकमेकांना झाकतात, म्हणून एकेक बदल करून पाहणाऱ्याला काहीच हाती लागत नाही.

याच संदर्भात एका ताऱ्याचा आणि दोन ताऱ्यांचा फरक लक्षात ठेवावा. एक तारा तिरप्या रेघेपाशी थांबतो, दोन तारे तिरप्या रेघा ओलांडून जातात. '*.एचटीएमएल' हा नमुना 'लेख/१२.एचटीएमएल' या पत्त्याला लागत नाही, पण '**.एचटीएमएल' हा त्याला लागतो आणि 'लेख/छापील/१२.एचटीएमएल' यालाही लागतो. वारशाने मिळालेल्या साइटमॅपमध्ये असा दोन ताऱ्यांचा सर्वग्राही नियम मध्येच कोठेतरी बसलेला असतो आणि त्याखालचे सगळे नियम मृत असतात, हे मी अनेक स्थळांवर पाहिले आहे. म्हणून जुनी फाइल हाती आली की मी प्रथम दोन ताऱ्यांचे नमुने शोधतो आणि ते आपापल्या पाइपलाइनच्या, म्हणजे नियमांच्या गटाच्या, तळाशी नेता येतील का, ते पाहतो. अरुंद नियम वर आणि रुंद नियम खाली, हा क्रम पाळला की निम्म्या तक्रारी तेथेच संपतात.

या वाचनाची आणखी एक बाजू समजून घेतली, तर चुकांचे संदेशही उलगडू लागतात. साइटमॅप वाचताना कोकून लगेच काम सुरू करत नाही. 'जनरेट' दिसला की जनरेटरची (एक्सएमएल वाचून देणाऱ्या घटकाची) नोंद होते, प्रत्येक 'ट्रान्सफॉर्म' दिसला की तो रूपांतराचा टप्पा साखळीत जोडला जातो, आणि 'सीरिअलाइझ', म्हणजे अंतिम रूप लिहिणारा सीरिअलायझर, भेटल्यावरच साखळी पूर्ण झाली असे मानून ती चालवली जाते. एखाद्या जुळलेल्या नियमात सीरिअलायझर लिहायचा राहिला, तर वाचन पुढे सरकते आणि पुढच्या जुळणाऱ्या नियमातला जनरेटर त्याच अर्धवट साखळीत बसवण्याचा प्रयत्न होतो. जनरेटर आधीच ठरलेला आहे अशा अर्थाची चूक दिसली, तर दोष बहुधा त्या ओळीत नसतो, वरच्या कोणत्यातरी अपूर्ण नियमात असतो.

याच गुणाचा उपयोग तपासणीसाठी होतो. साखळीत मधल्या टप्प्यावर नेमके काय तयार होत आहे हे पाहायचे असेल, तर त्या टप्प्यानंतर एक्सएमएलचा सीरिअलायझर तात्पुरता लिहावा. त्याच्या पुढचे सारे आपोआप दुर्लक्षित होते आणि ब्राउझरमध्ये कच्चे एक्सएमएल दिसते. हेच काम 'व्ह्यू' या मधला टप्पा दाखवणाऱ्या सोयीने अधिक नीटनेटके होते. पण पाइपलाइन समजून घेण्याच्या काळात ही ओबडधोबड पद्धत मला जास्त उपयोगी वाटते, कारण तीत काहीच लपलेले नसते.

छपाईच्या पानासाठी तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. प्रश्नचिन्हापुढचाच भाग वापरायचा असेल, तर 'लेख/*.एचटीएमएल' या नियमाच्या आत विनंतीतील पॅरामीटर पाहणारा सिलेक्टर लावावा. 'छापील'चे मूल्य 'होय' असेल तर एक स्टाइलशीट, अन्यथा दुसरी. दुसरा मार्ग म्हणजे 'छापील/लेख/*.एचटीएमएल' असा स्वतंत्र पत्ता देणे. मी दुसरा मार्ग निवडतो. पत्ता पाहताच काय मिळणार हे कळते, वेगवेगळी रूपे वेगवेगळ्या नियमांत राहतात, आणि सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला सिलेक्टरच्या फांद्या मोजत बसावे लागत नाही. मात्र जुन्या अंकांतून किंवा इतर स्थळांवरून प्रश्नचिन्हाचे दुवे आधीच पसरलेले असतील, तर सिलेक्टर ठेवावा आणि त्याच्याकडून फक्त नव्या पत्त्याकडे रवानगी करावी. दोन्ही मार्ग पूर्ण स्वरूपात जपणे म्हणजे दुप्पट देखभाल ओढवून घेणे आहे.

नमुन्यातील ताऱ्याने पकडलेला मजकूर महिरपी कंसातल्या १ या आकड्याने मिळतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण एका 'मॅच'च्या आत दुसरा 'मॅच' आला, की तो १ आतल्या नमुन्याचा होतो. बाहेरच्या नमुन्याचा मजकूर हवा असेल, तर आकड्यापूर्वी दोन टिंबे आणि तिरपी रेघ लावून एक पायरी वर जावे लागते. सिलेक्टरमुळे अशी पायरी वाढत नाही, मॅचर आणि अॅक्शन (साइटमॅपमधून चालवलेले छोटे काम) यांच्यामुळे वाढते. 'फाइल सापडली नाही' या चुकीत फाइलचे नाव भलतेच दिसत असेल, तर सर्वप्रथम ही पायरी मोजावी.

यानंतरचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तीन रूपांचे खरे उत्तर मला त्यात दिसते. तुम्ही पाठवलेल्या साइटमॅपमध्ये वेबपान आणि पीडीएफ यांचे दोन्ही नियम मूळ लेखाच्या फाइलपासून सुरू होतात, दोन्हीकडे परिचय जोडण्याची आणि तळटीपांना क्रमांक देण्याची तीच स्टाइलशीट पुन्हा लिहिलेली आहे, आणि छपाईचा नियम आला की ती तिसऱ्यांदा येईल. त्याऐवजी काम दोन थरांत वाटावे. पहिल्या थरात लेखाचा आशय पूर्ण करावा: मूळ लेख, त्याला जोडलेला परिचय, क्रमांकित तळटीपा, आणि रूपाचा एकही टॅग नाही. दुसऱ्या थरात त्या पूर्ण आशयाला वेबपान, छापील पान किंवा पीडीएफ यांचे रूप द्यावे.

पहिल्या थरासाठी स्वतंत्र 'पाइपलाइन' टॅग लिहून त्याचा 'इंटर्नल-ओन्ली' हा गुणधर्म 'ट्रू' ठेवावा. तेथे 'आशय/लेख/*' असा एकच नियम असेल. बाहेरून कोणी हा पत्ता मागितला, तर या पाइपलाइनकडे पाहिलेच जात नाही. दुसऱ्या थरातील प्रत्येक नियमाचा जनरेटर फाइल न वाचता 'कोकून:' या प्रोटोकॉलने हा आतला पत्ता वाचेल. येथे रेघांकडे लक्ष द्यावे. 'कोकून:' नंतर एक तिरपी रेघ असेल, तर शोध चालू साइटमॅपमध्ये होतो. दोन असतील, तर मुळाच्या साइटमॅपपासून होतो. आज तुमचा साइटमॅप एकच असल्यामुळे दोन्ही चालतील. उद्या हा विभाग 'माउंट' करून वेगळ्या फाइलमध्ये नेला, की दोन रेघांचे पत्ते तुटतील. म्हणून एकच रेघ लिहिण्याची सवय ठेवावी.

आतल्या नियमालाही सीरिअलायझर लिहावा लागतो, कारण त्याशिवाय साखळी पूर्ण होत नाही. परंतु दुसरी पाइपलाइन तिला वाचते, तेव्हा तो सीरिअलायझर प्रत्यक्षात बाजूला ठेवला जातो आणि सॅक्सच्या घटना (एक्सएमएल वाचताना एकेका टॅगाची मिळणारी सूचना) थेट पुढे सरकतात. एक्सएमएलचा मजकूर तयार करून तो पुन्हा पार्स करण्याचा खर्च होत नाही, म्हणून दोन थर केल्याने वेग घटेल ही भीती बाळगू नये. आणखी एक बारकावा असा की मूळ विनंतीतले पॅरामीटर या आतल्या हाकेतही पोहोचतात. ते पोहोचू नयेत असे वाटत असेल, तर 'कोकून:' नंतर 'रॉ:' लावून पत्ता लिहिता येतो.

आता जुन्या परिचयाचा प्रश्न. येथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण या विषयावरचा 'कॅश बंद करा', म्हणजे तयार निकालांचा साठा वापरू नका, हा सल्ला उपयोगाचा असला तरी अर्धवट आहे.

कोकूनची कॅश करणारी पाइपलाइन प्रत्येक घटकाला दोन गोष्टी विचारते. तुझी ओळख काय, आणि तुझा निकाल अजून ग्राह्य आहे का? फाइल वाचणारा जनरेटर ओळख म्हणून फाइलचा पत्ता देतो आणि ग्राह्यतेसाठी तिच्या शेवटच्या बदलाची वेळ पाहतो. एक्सएसएलटीचा (स्टाइलशीट ज्या भाषेत लिहितात तिचा) ट्रान्सफॉर्मर स्टाइलशीटची वेळ पाहतो, आणि तिने आयात केलेल्या स्टाइलशीटही नेहमीच्या मांडणीत तपासतो. पण स्टाइलशीटच्या आत 'डॉक्युमेंट' हे फंक्शन वापरून एखादी वेगळी एक्सएमएल फाइल वाचली, तर तिची नोंद या तपासणीत होत नाही. कोकूनच्या दृष्टीने लेखाची फाइल बदललेली नाही, स्टाइलशीट बदललेली नाही, म्हणजे निकाल ग्राह्य आहे. परिचयाची फाइल बदलली, हे त्याला कळण्याची सोयच नाही.

तुमची स्टाइलशीट मी पाहिलेली नाही, पण लक्षणे तंतोतंत हीच आहेत. खात्री करण्यासाठी त्या पाइपलाइनचा 'टाइप' तात्पुरता 'नॉनकॅशिंग' करावा. परिचय लगेच नवा दिसला, तर निदान पक्के. तरीही जुनाच दिसला, तर जुनी प्रत ब्राउझरकडे किंवा मधल्या प्रॉक्सीकडे आहे आणि साइटमॅपमध्ये शोधून उपयोग नाही. लेखाची फाइल काही न बदलता नुसती पुन्हा साठवली आणि परिचय ताजा झाला, तरी कोकूनच्या कॅशचे निदान पक्के होते. देखभाल करणाऱ्यांची 'लेख एकदा पुन्हा सेव्ह करा म्हणजे दिसेल' ही जुनी युक्ती यातूनच आलेली असते.

निदान झाल्यावर 'नॉनकॅशिंग' तसेच ठेवून देण्याचा मोह होईल. तुमच्याकडची गर्दी पाहता ते चालूनही जाईल. पण आशयाच्या थरात दुरुस्ती करणे फारसे कठीण नाही आणि ती केली, की पुन्हा या वाटेला जावे लागत नाही. 'डॉक्युमेंट' फंक्शन काढून टाकावे आणि जोडणी साइटमॅपच्या नजरेसमोर आणावी. 'अॅग्रिगेट' या टॅगने दोन स्रोत एका मूळ टॅगाखाली एकत्र येतात आणि दोन्हींची ग्राह्यता तपासली जाते.

यात एक खरी अडचण आहे. लेखाचा लेखक कोण हे लेखाच्या एक्सएमएलमध्ये आहे आणि साइटमॅपला पत्त्याखेरीज काही दिसत नाही. त्यामुळे 'या लेखाच्या लेखकाचाच परिचय जोड' असे 'अॅग्रिगेट'ला सांगता येत नाही. माझा उपाय साधा आहे: सर्व लेखकांच्या परिचयांची पूर्ण फाइल जोडावी आणि पुढच्या स्टाइलशीटने हवा तो परिचय ठेवून बाकीचे गाळावेत. एका लेखकाचा परिचय बदलला की सगळेच लेख पुन्हा तयार होतील, हे खरे आहे. त्रैमासिकाला त्याची झळ लागत नाही. परिचयांची फाइल फार मोठी झाली असेल, तर प्रत्येक लेखकाची वेगळी फाइल करून लेखात एक्सइन्क्लूडचा (दुसरी फाइल समाविष्ट करणारा) टॅग घालावा आणि आशयाच्या थरात एक्सइन्क्लूडचा ट्रान्सफॉर्मर लावावा. तो समाविष्ट फाइलींच्या बदलाचीही दखल घेतो. मात्र त्यासाठी सगळे जुने लेख एकदा उघडून दुरुस्त करावे लागतील, आणि म्हणूनच मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

कॅशबद्दल आणखी दोन गोष्टी. पहिली म्हणजे साखळीतला एखादा घटक कॅश होण्याजोगा नसेल, तर सुरुवातीपासून त्या घटकाच्या आधीपर्यंतचाच भाग साठवला जातो. जनरेटरच तसा असेल, तर काहीच साठत नाही. त्यामुळे डेटाबेसला दर वेळी विचारणारा किंवा वाचकाचे नाव पानावर टाकणारा ट्रान्सफॉर्मर साखळीत जितका उशिरा येईल, तितके बरे. दुसरी म्हणजे एक्सएसएलटीच्या ट्रान्सफॉर्मरला 'यूज-रिक्वेस्ट-पॅरामीटर्स' हा पर्याय देता येतो. तो चालू केला, की विनंतीतला प्रत्येक पॅरामीटर स्टाइलशीटला मिळतो आणि ओळखीचाही भाग होतो. मग कोणी पत्त्यापुढे काहीही जोडले, तरी त्या पानाची नवी प्रत साठवली जाते. एकच मूल्य हवे असेल, तर ते 'पॅरामीटर' टॅगने नाव घेऊन द्यावे. सिलेक्टर आणि मॅचर मात्र कॅशच्या आड येत नाहीत. साइटमॅपचे वाचन प्रत्येक विनंतीला नव्याने होते, साठवला जातो तो साखळीचा निकाल.

शेवटच्या टप्प्याकडे वळतो. एक्सएसएलटी शिकून कोकूनकडे आलेल्यांना एक गोष्ट हमखास अडवते. स्टाइलशीटमधील 'आउटपुट' टॅग येथे निरुपयोगी असतो. एन्कोडिंग, डॉकटाइप आणि मांडणी हे सारे सीरिअलायझर ठरवतो आणि सीरिअलायझर साइटमॅपमध्ये घोषित होतो. म्हणून एचटीएमएलच्या सीरिअलायझरच्या घोषणेत 'एन्कोडिंग' यूटीएफ-८ आहे ना, आणि 'माइम-टाइप'मध्ये तोच कॅरसेट लिहिला आहे ना, हे पाहावे. तेथे जुने आयएसओ-८८५९-१ राहिले असेल, तर पान मोडत नाही आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. त्या एन्कोडिंगमध्ये न मावणारे प्रत्येक देवनागरी अक्षर अंकरूपाने लिहिले जाते. 'म' हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. अंकरूपात त्यासाठी २३५० हा आकडा, अँपरसँड, हॅश आणि अर्धविराम मिळून ७ बाइट लागतात. ब्राउझरमध्ये 'म'च दिसतो, पण पानातील मराठी मजकूर दुपटीहून अधिक फुगतो आणि पानाचा स्रोत कोणाला वाचता येत नाही. शोधाच्या चौकटीत टाकलेला मराठी शब्द सर्व्हरवर बिघडून पोहोचत असेल, तर त्याचा साइटमॅपशी संबंध नाही. त्यासाठी वेब-अॅप्लिकेशनच्या वेब.एक्सएमएल फाइलमधील 'फॉर्म-एन्कोडिंग' तपासावे.

चित्रे, सीएसएस आणि तयार फाइली यांना जनरेटर लावू नये, रीडर (फाइल जशीच्या तशी देणारा घटक) लावावा. हे नियम छोटे आणि नेमके असतात, म्हणून सर्वांत वर चालतात. 'हॅण्डल-एरर्स' ज्या पाइपलाइनमध्ये लिहिला तिच्यातल्याच चुका पकडतो. कोणत्याच नियमाला न लागलेल्या पत्त्यासाठी तो 'पाइपलाइन्स' या बाहेरच्या टॅगाच्या पातळीवर हवा.

आता पीडीएफ. कोकून २.१ सोबत येणारा पीडीएफचा सीरिअलायझर एफओपी या पीडीएफ बनवणाऱ्या साधनाच्या ०.२०.५ या आवृत्तीवर उभा आहे. ती आवृत्ती मजकुरातील एकेका वर्णासाठी फॉन्टमधील एकेक आकृती त्याच क्रमाने मांडते. देवनागरीचे काम एवढ्याने भागत नाही. ऱ्हस्व इकार साठवला जातो व्यंजनानंतर आणि उमटावा लागतो त्याच्या आधी. 'क्ष', 'त्र', 'र्य' यांसाठी अनेक वर्णांची मिळून एक आकृती निवडावी लागते किंवा रफार उचलून पुढे न्यावा लागतो. फॉन्टमध्ये या सूचना असतात, पण त्या वाचणारे कोणीतरी लागते. एफओपीमध्ये ही सोय २०१२ साली आलेल्या १.१ आवृत्तीपासून आहे. त्यामुळे फॉन्ट बदलून, स्टाइलशीट बदलून किंवा साइटमॅपमध्ये काही लिहून तुमची जोडाक्षरे जुळणार नाहीत. तुम्ही फॉन्ट बदलून पाहिल्याचे लिहिले आहे. त्यात आणखी वेळ घालवू नये.

नवी एफओपी कोकूनच्या आत बसवता येते. स्वतःचा सीरिअलायझर लिहून ती जोडणे अशक्य नाही, पण जुन्या कोकूनच्या इतर जार फाइलींशी तिचे खटके उडतात आणि ते सोडवण्यात जाणारा वेळ या कामाच्या मानाने फार असतो. तुम्हाला जार टाकण्याचा अधिकार असला आणि हाताशी जावाचा माणूस असला, तरच त्या वाटेने जावे.

मी त्रैमासिकासाठी दुसरी वाट सुचवतो. आशयाचा थर आता वेगळा झालेला आहे, त्याचा लाभ येथे मिळतो. 'एफओ/लेख/*.एक्सएमएल' असा एक नियम लिहावा, त्यात आशयावर एक्सएसएल-एफओची (एफओपीला लागणाऱ्या, पानाची मांडणी सांगणाऱ्या एक्सएमएलची) स्टाइलशीट लावावी आणि शेवटी एक्सएमएलचाच सीरिअलायझर ठेवावा. कोकूनचे काम तेथे संपते. अंक प्रसिद्ध करताना हा पत्ता एकदा मागवून मिळालेली फाइल बाहेर स्वतंत्रपणे चालणाऱ्या नव्या एफओपीला द्यावी आणि तयार पीडीएफ सर्व्हरवरील एका फोल्डरमध्ये ठेवावी. लेख वर्षातून एखाद्या वेळी दुरुस्त होत असेल, तर प्रत्येक वाचकासाठी पीडीएफ नव्याने जुळवण्यात तसाही अर्थ नव्हता. लेख रोज बदलत असते, तर मी हा सल्ला दिला नसता.

या बदलात दोन ठिकाणी काम निघेल, ते आधी धरून चालावे. नवी एफओपी टॅगांच्या नियमांबाबत जुनीपेक्षा पुष्कळ काटेकोर आहे. जुन्या स्टाइलशीटमधील ज्या चुका आजवर निमूटपणे खपत होत्या, त्यांवर ती अडेल. तसेच जुन्या आवृत्तीत फॉन्टसाठी वेगळी मेट्रिक्स फाइल बनवावी लागे, ती आता लागत नाही, आणि फॉन्ट नोंदवण्याची मांडणीही वेगळी आहे. फॉन्ट मात्र ओपनटाइपच्या देवनागरी सूचना असलेला घ्यावा. लोहित किंवा नोटो मालिकेतील देवनागरी फॉन्ट त्यासाठी योग्य आहेत. जुन्या कळपाटांसाठी बनवलेले, रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवणारे फॉन्ट येथे चालणार नाहीत.

साइटमॅपमध्ये मग पीडीएफसाठी 'लेख/*.पीडीएफ' हा नियम रीडरच्या गटात, वरच्या बाजूला येईल. तेथे 'रिसोर्स-एग्झिस्ट्स' हा सिलेक्टर लावावा. त्या क्रमांकाची तयार फाइल फोल्डरमध्ये असेल, तर रीडरने ती द्यावी. नसेल, तर 'रीडायरेक्ट-टू'ने वाचकाला 'छापील/लेख' या पत्त्याकडे पाठवावे. म्हणजे नवा अंक चढवल्यावर पीडीएफ बनायची राहिली, तरी दुवा तुटत नाही, आणि ब्राउझर देवनागरी स्वतः नीट जुळवत असल्यामुळे वाचकाला तेथूनही लेख शुद्ध छापता येतो.